चिमण्याचं देणं

"दुसऱ्याचं काय म्हणालात?" अक्काने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पलंगाजवळ ओढली. "दुसऱ्याची विष्ठा," त्या आडपडदा न ठेवता म्हणाल्या. "निरोगी माणसाची. नीट तपासायची, गाळायची आणि नळीवाटे तुमच्या आतड्यात सोडायची."

अक्काने भिंतीकडे तोंड फिरवलं.

याच हॉस्पिटलच्या निर्जंतुकीकरणाच्या खोलीत तिने एकतीस वर्षं काढली होती. ऑपरेशनची प्रत्येक कात्री, प्रत्येक चिमटा तिच्या हाताखालून वाफेच्या यंत्रात जायचा. तिच्या तावडीतून जंतू सुटणार नाही, अशी तिची ख्याती. मोठमोठे सर्जनसुद्धा तिला वचकून असत. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी तिला न्यूमोनिया झाला. जालीम अँटिबायोटिक्सनी तो बरा झाला, पण जुलाब सुरू झाले. औषध घेतलं की थांबायचे, संपलं की पुन्हा सुरू. असं तीनदा झालं. वजन चाळीस किलोच्या खाली आलं आणि घराबाहेर पाऊल टाकायची चोरी झाली. आता चौथ्यांदा ती इथे पडून होती.

"आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू गुण्यागोविंदाने नांदत असतात," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "पचनाला हातभार लावतात, वाईट जंतूंना पाय पसरू देत नाहीत. तुमच्या औषधांनी तेही मेले. मग मोकळं रान मिळालं आणि एकच दांडगा जंतू माजला. आम्ही त्याला दाबतो, तो पुन्हा डोकं वर काढतो. तिथे चांगल्यांची वस्ती परत बसवायला हवी."

"गुण येईलच का?"

"बहुतेकांना येतो. सगळ्यांना येतोच, असं मी म्हणणार नाही."

"जन्मभर जे मारलं, तेच पोटात घालून घेऊ?" अक्का भिंतीलाच म्हणाली. "नको मला."

दहा दिवसांनी दुपारी तिचा धाकटा भाऊ आला. पन्नाशी उलटली तरी तिच्या लेखी तो चिमण्याच होता. त्याची रोपवाटिका होती. दिवसभर माती कालवायची, रोपं लावायची. तिला न सांगताच त्याने रक्ताच्या, पोटाच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या होत्या.

"माझंच चालणार आहे," तो म्हणाला. "सगळ्या परीक्षा पास. पहिल्याच फटक्यात पास व्हायची ही माझी पहिलीच वेळ."

अक्का हसली नाही. "मी नाही म्हणून सांगितलंय."

"माझं म्हणून नको, की कुणाचंच नको?"

"घाण ती घाणच, चिमण्या. तुझी काय आणि राजाची काय."

तो स्टुलावर बसला. मग हळूच म्हणाला, "आई गेली त्या वर्षी माझं पोट महिनाभर बिघडलं होतं. मी चार वर्षांचा, तू सोळाची. कोण काढायचं माझं?"

अक्काने पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवलं.

"तेव्हा कधी नाक मुरडलं नाहीस."

"तू लहान होतास रे."

"आणि आता तू आजारी आहेस." त्याने मान खाली घातली. "तू गेलीस तर मला चिमण्या म्हणणारं कोण राहील?"

अक्काने त्याच्याकडे पाहिलं. केस पांढरे झालेला तो बाप्या खालच्या मानेने शर्टाचं बटण पिळत बसला होता. अशा वेळी त्याला जवळ घ्यायचं तिच्या हाताला ठाऊक होतं, पण हात उचलायलाही आता त्राण नव्हतं.

"सहीचा कागद कुठाय?" तिने विचारलं.

ठरलेल्या सकाळी अक्का पोट रिकामं करून तयार होती आणि चिमण्या मात्र अडून बसला होता. एरवी घड्याळासारखं चालणारं त्याचं पोट धसक्याने गप्प झालं होतं. दोन कप चहा झाला, व्हरांड्यात वीस फेऱ्या झाल्या. डॉक्टरीणबाई दोनदा डोकावून गेल्या. "घाई नाही," त्या म्हणाल्या. ते ऐकून त्याला आणखीच घाम फुटला. पलंगावरून अक्काने निरोप धाडला: 'त्याला सांगा, शाळेत पोचवायला मी उभी नाहीये, सावकाश होऊ दे.' निरोप ऐकून तो खो खो हसला, आणि त्या हसण्यातच काम झालं.

पुढचं सगळं अक्काला गुंगीत कळलंच नाही. दोन दिवस काही फरक पडला नाही. तिसऱ्या दिवशी ती तीनदाच शौचाला उठली. पाचव्या दिवशी जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं. रात्रभरात ती एकदाही उठली नव्हती. ती पडल्यापडल्या पोटावर हात ठेवून वाट पाहत राहिली. काहीच झालं नाही. बऱ्याच वेळाने पोटात कालवाकालव झाली, तेव्हा ती दचकली. मग तिच्या लक्षात आलं, ही भूक आहे. तिने नर्सला हाक मारून मऊ भात मागितला आणि वाटी पुसून खाल्ली.

डॉक्टरीणबाईंनी महिना जाऊ दिला, दुसराही जाऊ दिला, आणि मगच त्या "जमलं" असं म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात चिमण्याच्या मुलीला मुलगी झाली. भावजय आधीच तिकडे गेली होती. "मीही येते," अक्का म्हणाली. बसने तीन तासांचा रस्ता. चिमण्याने दोनदा विचारलं, "नक्की?" तिने उत्तर न देता पिशवी भरली.

ती खिडकीशी बसली. गावं मागे पडत होती, शेतं येत होती, आणि ती जे दिसेल त्यावर बोलत होती. दीड तासाने बस एका थांब्यावर थांबली. "दहा मिनिटं," कंडक्टरने सांगितलं. निम्मी बस उतरून शौचालयाकडे निघाली. चिमण्या उठला आणि तिला हात देण्यासाठी वाकला.

"तू जाऊन ये," अक्का म्हणाली. "मी सामान बघते."