नीलद्वीपची मुख्य सचिव

मांजरी गावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये राजा आला तो रविवारी सकाळी, पायातले बूट न काढता. मी म्हटलं, "महाराज, पादत्राणं बाहेर." तेव्हा कुठे काढले. नाव आमोद. माझ्या नातीच्या, अक्षताच्या, कॉलेजातला. मागोमाग पंतप्रधान अवनी आणि अर्थमंत्री साई आले. पोह्यांचा वास मंत्रिमंडळाला बरोबर लागतो.

झालं होतं असं, की यांच्या वाघोलीच्या कॉलेजात स्पर्धा होती. चौघांनी मिळून कागदावर एक देश उभा करायचा, त्याचं सरकार आणि अर्थकारण परीक्षकांपुढे मंचावर पटवून द्यायचं. देश कसला, ते चिठ्ठीवर. यांच्या चिठ्ठीत निघाली संवैधानिक राजेशाही. देशाचं नाव ठेवलं नीलद्वीप. आणि मंचावर बोलणाऱ्यांतून दोघांना विद्यापीठाच्या वादविवाद संघात घेणार होते. अक्षताला त्या संघात जायचं होतं. गेल्या वर्षीही जायचं होतं. तेव्हा हिनं सगळं लिहून दिलं, आणि बोलला दुसराच.

"यंदा कोण बोलणार?" बश्या ठेवता ठेवता मी विचारलं.

"राजा," अवनी म्हणाली. "ग्रँड दिसतं ना, आजी. आमोदकडे शेरवानी आहे."

मावसभावाच्या लग्नातली शेरवानी अंगात बसते, म्हणून राजा. जगातली बाकीची राजघराणीही अशीच सुरू झाली असतील, मला शंका नाही.

"आणि आमची अक्षता?"

"ती मुख्य सचिव! सगळं ड्राफ्टिंग तिचंच," आमोद म्हणाला. "ती नसती तर आमचं काही खरं नव्हतं, आजी."

पोरगा मनानं वाईट नव्हता. आयतं मिळालं की माणूस गोडच बोलतो.

माझं शिक्षण चौथी. मंडईत तीस वर्षं पालेभाजी विकली, त्यावर अक्षताच्या बापाला, अभयला, शिकवला, तो आज सरकारी कचेरीत आहे. आमच्या भिंतीवर बुद्ध आहेत, बाबासाहेब आहेत आणि शेजारी संविधानाची उद्देशिका आहे. वाचायला मला वेळ लागतो, पण ती पाठ आहे. त्या चौकटीखाली बसून हा राजा पोह्यांवर लिंबू पिळत होता.

"राजाही आणि घटनाही?" मी म्हटलं. "म्हणजे कुलूप लावायचं आणि किल्ली दारालाच लटकवून ठेवायची. बरं, हा राजा करतो काय?"

"कायद्यावर सही करतो," साई म्हणाला.

"आणखी?"

"उद्घाटनं."

"आणखी?"

"नाण्यावर फोटो असतो त्याचा."

"एवढ्यासाठी राजवाडा? आमच्याकडे नगरसेवक हे सगळं करून वर फ्लेक्सही लावतात."

साईनं घाईघाईनं अर्थव्यवस्था काढली. नीलद्वीप मीठ, नारळ आणि सुके मासे बाहेर विकतो, उरलेलं पर्यटक भागवतात. मी विचारलं, मेथी कुठून येते? म्हणे, बाहेरून. जुडी कितीला पडते?

"आजी, ते मायक्रो लेव्हल झालं," साई म्हणाला.

"मला मायक्रो माहीत नाही, बाळा. मला जुडी माहीत आहे."

तिघं हसले. अक्षता तेवढी हसली नाही. वहीत काहीतरी टिपत होती.

मंडळी गेल्यावर मी तिला धरली. "घटना लिहायची आपण आणि शेरवानी मिरवायची त्यानं? सांग त्याला, मी बोलणार म्हणून. हिसकावून घे!"

"आजी, राजाला मनाचं काही बोलता येत नाही. सरकार लिहून देतं तेच तो वाचतो. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही, हा या राजेशाहीचा नियमच आहे."

"मग वाचणार तोच ना? टाळ्या त्यालाच ना?"

"बघू," ती म्हणाली आणि भांडी विसळायला लागली.

मी तिला भित्री म्हटलं. तुझ्या वयाची असताना मी मंडईत गाळ्यासाठी बाप्यांशी भांडले, आणि तू शिकून सवरून 'बघू' म्हणतेस? आणखीही बरंच म्हटलं, ते इथे लिहीत नाही.

शुक्रवारी अभयनं रजा टाकली आणि मला स्कूटरवर वाघोलीला नेलं. सभागृह गार, खुर्च्या मऊ, परीक्षक तीन. नीलद्वीपची पाळी आली. आमोद शेरवानी आणि पुठ्ठ्याचा मुकुट घालून आला. मागे अवनी आणि साई, सगळ्यांच्या शेवटी फाईल घेऊन आमची. मी अभयला म्हटलं, "बघ, पुन्हा हमाली." तो म्हणाला, "आई, हळू."

राजानं अक्षतानं हातात दिलेला कागद उघडला. आवाज मात्र चांगला होता पोराचा. "नीलद्वीपच्या नागरिकांनो, या देशात राजा राज्य करत नाही, राज्यघटना करते. माझं भाषण माझं नाही, माझ्या सरकारचं आहे. म्हणून माझ्या राज्याचा कारभार आणि अर्थकारण आता मुख्य सचिव अक्षता मांडतील. परीक्षकांच्या प्रश्नांची उत्तरंही..."

इथे तो अडखळला. डोळे पुढच्या ओळीवर गेले होते. पण माईक चालू, सभागृह भरलेलं, आणि पहिला परीक्षक मान डोलावून म्हणाला, "वाचा, महाराज. सरकारनं लिहिलंय ते वाचावंच लागतं."

"...उत्तरंही त्याच देतील," आमोदनं वाचलं. "तोवर राजा सिंहासनावर शांत बसून राहील."

सभागृह हसलं. राजा बसला. शांत.

अक्षता पुढे आली. फाईल उघडलीसुद्धा नाही. मिठावर कर किती, नारळाचा भाव पडला तर काय, बोट आठवडाभर आली नाही तर घरातल्या भाजीचं काय, सगळं बोलली. मग एका परीक्षकानं खोचक विचारलं, "आणि राजानं सही केलीच नाही तर?"

"पंधरा दिवस थांबायचं, सर. मग संसदेनं पुन्हा मंजूर केलं की सहीशिवाय कायदा होतो. राजाची सही ही रीत आहे. परवानगी नव्हे."

परीक्षकानं पेन खाली ठेवलं.

बाहेर व्हरांड्यात आमोदनं तिला गाठलं. मुकुट काखेत. "हे तू कधी घातलंस त्यात?"

"सोमवारी. मेल केला होता तुला."

"मी उघडलाच नाही गं..."

"माहीत होतं," ती म्हणाली.

"राजे," मी म्हटलं, "राजा व्हायला वाचायची गरज नाही, हे तुम्ही छान सिद्ध केलंत." पोरगं ओशाळलं, हसलंही. नीलद्वीपचा नंबर दुसरा आला. संघात घेतलेल्या दोघांत पहिलं नाव आमच्या अक्षताचं होतं.

परतताना स्कूटरवर तिघं मावत नव्हतो, म्हणून आम्ही दोघी रिक्षानं निघालो. ती म्हणाली, "आजी, माझ्या भाषणाबद्दल तू काहीच बोलली नाहीस."

भित्री म्हटलं होतं, ते गिळायला मला रिक्षाभर वेळ लागला.

"बरं बोललीस," मी म्हटलं.

एवढंही मी तिच्या बापाला नोकरी लागली तेव्हा म्हटलं नव्हतं.