सात नंबरचे तोंड

या मित्रांनो, असे जवळ या. नाकाला रुमाल लावायचे कारण नाही, आज सकाळीच मला धुतले आहे. बसा निवांत. एका बाईची गोष्ट सांगते. ऐकून तुमचे मन धुतल्यासारखे होईल.

मी एक जुनी, निळी, फिरती खोली आहे. आडपडदा कशाला, मी संडास आहे. भाड्याने जाते. जिथे माणसे चार दिवस जमतात आणि मोरी बांधायला सवड नसते, तिथे मला टेम्पोत घालून नेतात. माझ्या दारावर पांढऱ्या रंगाने सात हा आकडा काढला आहे, म्हणून मला सगळे 'सात नंबर' म्हणतात.

तापलेल्या साच्यात प्लास्टिकची भुकटी वितळली आणि माझा जन्म झाला. मग कोणी मला दार बसवले, कोणी कडी, कोणी छताला हवेची नळी. खाली टाकी दिली आणि तिच्यात वास घालवणारे निळे पाणी ओतले. कारखान्यातून निघाले तेव्हा मी इतकी चकचकीत होते, की मला वाटले, आपण नक्कीच एखाद्या दुकानात उभ्या राहणार. नशीब बघा!

पण मी रडले नाही, कारण पहिल्याच दिवशी मला मावशी भेटल्या.

मावशी म्हणजे आम्हा बारा खोल्यांना धुणाऱ्या, पुसणाऱ्या, जागेवर लावणाऱ्या. हातात ब्रश आणि ओठांवर देवाचे नाव. घासण्याची लय आणि नामाची लय एकच. त्यांची एक रीत होती. खोली जागेवर ठेवली की त्या आत जात, कडी लावत आणि मिनिटभर स्वतः बसून बघत. डुगडुगते का, कडी नीट लागते का, वारा कुठून येतो. बाहेरून टेम्पोवाले दादा ओरडायचे, "मावशी, राज्याभिषेक चाललाय का आत?"

मावशी आतूनच म्हणायच्या, "आधी आपण बसावं रे, मग दुसऱ्याला बसवावं."

मी खूप हिंडले. मैदानातल्या लग्नात एक नवरीमुलगी दोन्ही हातांनी साडीचा बोंगा सावरत धावत आली आणि बाहेर पडताना माझ्या दाराला हात जोडून म्हणाली, "वाचवलंस ग बाई!" मित्रांनो, देवळातल्या घंटेलाही इतका मान मिळत नसेल.

मग मला एका बांधकामावर पाठवले. आठ मजल्यांची इमारत उठत होती. पुरुषांसाठी दोन खोल्या, बायकांसाठी एक, ती मी. नेमकी त्या दिवशी मावशींची भाची आजारी होती, म्हणून त्या आल्या नाहीत. दादांनी आपल्या सोयीने मला उभे केले. मैला ओढायची नळी पटकन लागावी म्हणून दार समोर मोकळ्या जागेकडे. आत बसून कोणीच बघितले नाही.

आठवड्याने मावशी आल्या. झाकण उचलून टाकीत बघतात तर निळे पाणी जसेच्या तसे!

"चला, आज नळी लावायला नको," दादा खूश झाले.

"खूश काय होतोस? आठ बायका दिवसभर विटा वाहतात. त्या माणसं आहेत की पुतळे?"

तेवढ्यात मुकादम आले. "मावशी, बायकांना या डब्याची सवय नाही हो. शनिवारी उचला सात नंबर. तिथं सिमेंटच्या गोण्या ठेवीन म्हणतो."

मी गेले तर या बायकांनी कुठे जायचे?

वाळूच्या ढिगाआड एक बाई डोके धरून बसली होती. तिला सगळे ठेंगणी म्हणत. ओठ सुकलेले, शेजारी पाण्याची बाटली काठोकाठ भरलेली.

"पाणी का पीत नाहीस ग?" मावशींनी विचारले.

"प्यायलं की जावं लागतं, मावशी."

"मग जा की. ही काय समोर आहे."

ठेंगणीने माझ्या दाराकडे पाहिले आणि मान खाली घातली. "दोनदा ताप येऊन गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशीच तहान मारलीस तर काम सोडून घरी बसावं लागेल. पण…"

मावशींनी पदर खोचला, आत आल्या आणि कडी लावली.

माझ्या समोरच दहा पावलांवर चहाचे बाकडे होते. तिथले सगळे आत ऐकू येत होते.

"कोण गेलं रे आत?"

"मावशी. घड्याळ लाव, घड्याळ!"

हशा पिकला. मावशी बाहेर आल्या तेव्हा वीस डोळे त्यांच्यावर खिळले होते. साठीच्या बाईची मानही खाली गेली. पण क्षणभरच.

"दादा, पहार आणा."

"जागा बदलायची नाही हां!" मुकादम गरजले.

"जागा तीच राहू द्या. तोंड फिरवतेय फक्त. शनिवारपर्यंत सात नंबर माझी आहे."

"मावशी, नळी मागून ओढायला लागेल," दादा कुरकुरले. "दर खेपेला बारा पावलं जास्त."

"आणि त्या पोरी आठ मजले चढतात, ती पावलं कोण मोजतं?"

दादांनीच पहार लावली. पलीकडून ठेंगणी उठून आली. तिच्यामागून बाकीच्या. सगळ्यांनी मिळून मला रेटले आणि माझे दार मागच्या कुंपणाच्या भिंतीकडे केले. आता वाळूच्या ढिगामागून कोणाच्याही नकळत माझ्यापर्यंत येता येई.

शनिवारी मुकादम गोण्या घेऊन हजर. मावशींनी शांतपणे टाकीचे झाकण उघडले.

"या, वाकून बघा. सवय नाही म्हणत होतात ना?"

मुकादम नाक दाबत तीन पावले मागे सरकले. "राहू दे, राहू दे! इमारत होईपर्यंत राहू दे!"

भरलेली टाकी बघून हरखणारी बाई मी जन्मात एकच पाहिली. आणि पलीकडे ठेंगणी बाटली तोंडाला लावून घटाघटा पाणी पीत होती. मित्रांनो, पूजा कशाला म्हणतात ते मला विचाराल, तर मी त्या आवाजाकडे बोट दाखवीन.

आता माझा निळा रंग विटला आहे. मावशींचे गुडघे थकले, त्या घरी असतात. पण खोली लावून झाली की आता दादा आत शिरतात, कडी लावतात, मिनिटभर बसतात. बाहेर कोणी हसले तर हसू देतात.

तुम्ही कधी माझ्यासारखीत आलात, तर जशी मिळाली तशीच स्वच्छ ठेवून जा. आणि कडी नीट लागली, दार आडोशाला असले, मनाला निवांत वाटले, तर एवढे करा. तुमच्या आधी इथे कोणी तरी बसून बघितले आहे, हे ध्यानात ठेवा आणि आमच्या मावशींची एकदा आठवण काढा.