उंच, बुटकी आणि आमचे हे

आमच्या बैठकीच्या खोलीत चौदा महिने दोन मोटारसायकली उभ्या होत्या. खऱ्या नव्हेत. खरी एखादी असती तर मी तक्रार केली नसती. या प्लायवुडच्या होत्या, एक उंच आणि एक बुटकी. उंच म्हणजे अ‍ॅडव्हेंचर. तिच्यावर ताठ बसायचं आणि खडी येवो, खड्डे येवोत, पुढं जायचं. बुटकी म्हणजे स्पोर्ट टूरर. जरा पुढं झुकायचं आणि गुळगुळीत रस्त्यावर दिवसभर सुसाट सुटायचं. यातली कुठली घ्यायची, एवढ्यावरच आमचं घोडं पेंड खात होतं.

आमचे हे दातांच्या कवळ्या बनवतात. दंतवैद्यांकडून माप येतं, हे त्याचा प्लॅस्टरचा साचा करतात, त्यावर पेन्सिलीनं पेशंटचं नाव आणि तारीख घालतात. मग आधी मेणाची कवळी करून तोंडात बसवून बघायला पाठवतात. ती परत येते, हे खरवडतात, पुन्हा पाठवतात. मेणात बसल्याशिवाय पक्कं काही करायचं नाही, हा यांचा धर्म. त्यामुळे शोरूममध्ये दोन गाड्या आवडल्यावर हे टेप घेऊन परत गेले, सीटची उंची, हँडलचं अंतर, पाय ठेवायच्या दांड्या, सगळं मोजून आले आणि सुताराकडून प्लाय कापून आणला. शहाण्या माणसानं गाडी चालवून बघितली असती, असं कुणी म्हणेल. यांनी तेही केलं, सहा वेळा. शेवटी शोरूमचे मॅनेजर मलाच फोन करायला लागले. "वहिनी, साहेबांचं काही ठरलं का?" असं विचारायचे, आणि त्यांच्या आवाजात आशा नसायची. आजाऱ्याची चौकशी करतात तसं ते विचारायचे.

मी शिवणकाम करते. कापडावर खडूची खूण केली की कात्री चालवायची. चुकलीच तर बाही थोडी आखूड करायची आणि गिऱ्हाइकाला सांगायचं की सध्या अशीच चालते. सत्तावीस वर्षं पायमशीन चालवून माझा उजवा गुडघा मात्र कामातून गेला. ऑपरेशन करावं लागणार होतं. डॉक्टर म्हणाले, "चालणं छान होईल, पण मोटारसायकलवर मागं बसून लांबचा प्रवास विसरा." आणि मला नेमकं तेच करायचं होतं.

लग्नाच्या पहिल्या वर्षी आम्ही दोघं एका जुन्या गाडीवर निघालो होतो, रस्ता संपतो तिथलं दीपगृह बघायला. साठ किलोमीटर उरले असताना चेन तुटली आणि टेम्पोत गाडी घालून परत आलो. मग मुलगी झाली, माझी गिऱ्हाइकं वाढली, जगाचे दात पडत राहिले. मुलगी नोकरीला लागून दुसऱ्या गावी गेली त्या संध्याकाळी हे आपणहून म्हणाले, "आता जाऊ." मला ते दीपगृह यांच्या पाठीमागं बसूनच बघायचं होतं. बसनं जाऊन बघण्याइतकं ते सुंदर नसणार, हे मलाही कळत होतं.

अडचण रस्त्याची होती. पहिले नऊशे किलोमीटर लोण्यासारखे, शेवटचे साठ नुसते दगड. धाकटे दीर वैतागून म्हणाले, "दादा, चिठ्ठी टाक." टाकली. उंच आली. हे म्हणाले, "चिठ्ठीला काय कळतं?" त्यानंतर दीर आमच्याकडे गाडीचा विषय काढत नाहीत.

दर रविवारी सकाळी हे प्लायवुडपाशी बसायचे. मागची सीट इंचभर वर करायची, दांडी दोन बोटं खाली घ्यायची, पुढच्या रविवारी ती पुन्हा होती तिथं. मी भोवतीनं केर काढायची. केर काढताना बोलायचीही, आणि ते काही गोड नसायचं. मला सगळ्यात जास्त कशाचा राग यायचा सांगते. मेणाशिवाय पाऊल न टाकणारा हा माणूस, पण चौदा महिन्यांत एकदाही "जरा मागं बसून बघ" असं मला म्हणाला नाही. माप सगळ्या जगाचं घेतलं, बायकोचं सोडून.

मग एका रविवारी सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, बरोबर पाच आठवड्यांनी. मी फोन ठेवला आणि बाहेर आले.

"आज ठरवा."

"घाईत चुकीची आली तर?" हे म्हणाले. हातात पट्टी होती.

"चुकीची तर चुकीची. चुकीच्या गाडीवर बसून जाऊ. तुमच्या त्या बरोबर गाडीची वाट बघता बघता पाच आठवडे उरलेत."

"अगं, पण..."

"व्हा बाजूला. मीच बसते आणि मीच सांगते."

हे बाजूला झाले नाहीत, उलट जवळ आले. मी उंच गाडीवर चढायला गेले. डावा पाय दांडीवर ठेवला, पण उजवा काही सीटवरून पलीकडं जाईना. दोनदा झालं. तिसऱ्या वेळी मशीनचं स्टूल ओढून घेतलं आणि बसले. बसल्यावर छान वाटलं, पाय ऐसपैस. "ठरलं, हीच," म्हणून उतरायला गेले तर उजवा पाय जमिनीवर टेकला आणि गुडघ्यानं दगा दिला. मी पडले नाही, कारण हे हात पसरून बरोबर तिथंच उभे होते.

"वाटेत अठरा वेळा तरी उतरावं लागेल," हे हळूच म्हणाले. "मी मोजलंय."

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि बुटकीवर जाऊन बसले. चढले सहज. पण तिथं गुडघा पार दुमडून घ्यावा लागतो. थोड्या वेळानं आतून कुणीतरी सुई फिरवतंय असं व्हायला लागलं. मी दात आवळून बसून राहिले. हे घड्याळाकडं बघत होते. शेवटी कळ असह्य होऊन मी वाकले आणि सीटच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं.

"ही. उजवा. अकरा मिनिटं." पेशंटच्या नावाच्या जागी मी. खाली तारीख, वर्षापूर्वीची. त्याखाली, "ही. नऊ." त्याखाली सात, मग सहा. शेवटची ओळ गेल्या रविवारची होती. "ही. चार."

"हे कधी मोजलंत?"

"तुझ्या मशीनवरही गुडघा इथल्याइतकाच वाकतो," हे म्हणाले. "शिवायला बसलीस की किती वेळानं पाय लांब करतेस, ते बघायचो. दांडी खाली घेऊन बघितली. पण अजून खाली घेतली तर वळणावर जमिनीला घासेल. उंच गाडीची सीट उतरवली तर दगडांवर तुला दणके बसतील. कशातच बसत नाही."

"आणि हे मला सांगायचं नाही?"

"काय सांगणार? दोन्हीवर तू बसू शकत नाहीस म्हणून?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, ती आता कुठं ठेवावी कळेना. यांच्यावर राग होता, गुडघ्यावर होता, आणि चौदा महिने केर काढताना जे जे बोलले होते त्याची लाज वाटत होती. मी तशीच प्लायवुडवर एक पाय लांब करून बसले होते. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तुम्ही एकटे असता तर कुठली घेतली असती?"

"बुटकी," हे म्हणाले.

एक क्षणही लागला नाही. गाडी तर पहिल्याच दिवशी ठरली होती. मी रोज "ठरवा, ठरवा" म्हणून यांच्या मागं लागले होते, आणि ठरवायचं एवढंच उरलं होतं की मला सोडून जायचं का.