चेपलेल्या बुडाचे माप

मित्रांनो, मी एक जुने छटाकाचे माप आहे. हातात घेतलेत की आधी माझ्या बुडाला अंगठा लावून पाहाल, हे मला ठाऊक आहे. सगळेच पाहतात. सोलापुरात तांबटाने मला घडवले तेव्हा माझे बूड सपाट होते. पुढे मथुराबाईंच्या तेलाच्या दुकानात ते आत कसे चेपले, याबद्दल माझा त्यांच्यावरच संशय आहे; बूड आत गेले की माझ्यात तेल कमी मावते.

एकदा मोटारी दुरुस्त करणारे सिद्धनाथ मिस्त्री मला त्यांच्याकडून उसने मागून गल्लीतल्याच आपल्या कारखान्यात घेऊन गेले. कोंडीबांची वैरागला जाणारी मोटार चढावर धापा टाकायची, उतारूंना उतरून ढकलावे लागायचे. म्हणून मिस्त्रींनी एंजिनाचे वरचे झाकण लेथवर घासून घेतले होते. आता आतली हवा जास्त दाबली जाणार होती. पाचपट दाबली गेली तर मोटार पळेल. सहापट गेली तर एंजिन ठोके देऊन फुटेल. कोंडीबांचे सारे घर त्या एका मोटारीवर चाले.

एंजिनातला दट्ट्या खाली असताना मावणाऱ्या तेलाला तो वर असताना मावणाऱ्या तेलाने भागले, की हवा किती पट दाबली जाते ते कळते. म्हणून दट्ट्या खाली नेऊन मिस्त्रींनी झाकणाच्या भोकातून तेल ओतले. माझी पंधरा मापे मावली. तेल काढून त्यांनी दट्ट्या वर आणला, तोच कोंडीबांनी माझ्या बुडाला अंगठा लावला.

"मिस्त्री, ह्ये माप खोटं हाय. आता माजं घ्या."

त्यांनी घरचे सरकारी शिक्क्याचे माप आणले. त्याची अडीच मापे मावली. पंधराला अडीचाने भागले, तर उत्तर सहा!

"लई घासलंस की," कोंडीबा म्हणाले. "दुसऱ्या मोटारवाल्यानं फितवलं व्हय तुला?"

मिस्त्रींचा चेहरा उतरला. खरे सांगते, मलाही त्यांचा संशय आला. डाग लागलेल्याला दुसऱ्याचा डाग लवकर दिसतो.

तेवढ्यात मला न्यायला मथुराबाई आल्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"पंधरा कुणाच्या मापानं?"

"तुमच्या."

"आन् अडीच?"

"माज्या."

"मग वरचं बी माज्याच मापानं मोजा. खोटं असंल, पर दोनी बारीला सारकंच खोटं हाय की."

भर गल्लीत, आपल्याच गिऱ्हाइकांसमोर एवढे बोलून त्यांनी मान खाली घातली. मिस्त्रींनी पुन्हा मोजले. माझी तीन मापे मावली. पंधराला तिनाने भागले, म्हणजे पाचपट!

"चुकलं माजं, मिस्त्री," कोंडीबा हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भरलेली मोटार चढ चढली आणि एकाही उतारूला उतरावे लागले नाही. मथुराबाईंनी मात्र मला दुकानात परत नेले नाही. तेव्हापासून मी मिस्त्रींच्या फळीवर आहे.

मित्रांनो, मापे जपा, त्यांची बुडे चेपू नका. संशय आला तर जरूर मोजा, पण मोजणी अर्ध्यावर असताना माप बदलू नका. त्या दिवशी खऱ्या मापाने एक इमानी माणूस बेइमान ठरला होता.