नंदाखाल रजिस्टरची पहिली बोट

एलिसाच्या लग्नाला अठरा दिवस उरले होते आणि तिचा बाप जेवत नव्हता.

स्टॅनीला हे बहिणीनं, रेजिनानं, फोनवर सांगितलं. "तुझा भावजी ताटातल्या तळलेल्या पावावर, फुग्यावर, बोटानं टकटक करत बसतो रे. तोंडात काही घालत नाही."

स्टॅनीनं स्कूटर काढली आणि आगाशीहून दहा मिनिटांत नंदाखालला हजर. पन्नाशी उलटलेला, एकशे पाच किलोचा माणूस, पण कोणाच्या घरी गडबड आहे म्हटलं की शाळा सुटलेल्या पोरासारखा पळणार. मागच्या वर्षी त्यानं रस्त्यातल्या एका खड्ड्याला लाल फीत बांधून एका पुढाऱ्याकडून त्याचं उद्घाटन करून घेतलं होतं. पुढाऱ्यानं भाषणही ठोकलं.

प्लासिड केळीच्या बागेत खुर्ची टाकून बसला होता. हातात त्याची ती जुनी हातोडी.

"भावजी, काय झालं? नवरा मुलगा पळाला की काय?"

"मुलगा सोन्यासारखा आहे. बाप बोटवाला आहे, हा त्रास आहे."

आता प्लासिडचा धंदा समजून घ्यायला हवा. हा माणूस तीस वर्षं एका क्लास सोसायटीत सर्व्हेअर होता. ही संस्था जहाज बांधत नाही, विकत नाही, चालवत पण नाही. ती फक्त नियम ठरवते, बांधताना बघते, मग दर काही वर्षांनी पुन्हा बघते आणि सांगते, हे जहाज दर्यात पाठवायच्या लायकीचं आहे की नाही. तिचा हा कागद, म्हणजे 'क्लास', नसेल तर विमेवाला दारात उभा करत नाही, मालवाला माल देत नाही. तीस वर्षं प्लासिड टाक्यांमध्ये उतरून पत्र्यावर हातोडी मारत हिंडला. चांगला पत्रा टणकन वाजतो, गंजानं खाल्लेला भद वाजतो. रिटायर झाल्यावर कान काही रिटायर झाले नाहीत. नारळ, दरवाजा, फुगे, सगळं वाजवून बघणार.

आणि नशिबानं त्याला व्याही मिळाला उत्तनचा हिलरी. दांडगा दर्यावर्दी, 'सागरमाता' नावाच्या बोटीचा मालक. साखरपुड्यात हिलरीनं सगळ्यांसमोर जाहीर केलं, "नंदाखालला लग्न लागलं की वऱ्हाड वसईच्या पाचूबंदरला यायचं. तिथून माझ्या बोटीनं उत्तनला! साठ मानसं, बँडसकट! रस्त्यानं जाऊन वर्सोव्याच्या खाडीपुलावर तीन तास धूर खात कोन बसनार?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्लासिड सोडून.

"मी ओहोटीला जाऊन बघून आलो," प्लासिड हळू आवाजात म्हणाला. "उजव्या बाजूला, पाण्याखाली जाते तिथली एक फळी काळी पडलीय. आणि साठ माणसं! माझी पोरगी त्या बोटीत बसणार, स्टॅनी."

"मग सांग ना त्याला."

"काय सांगू? व्याही, तुमची बोट सडकी आहे? लग्नाच्या आधी? एलिसाला आयुष्यभर त्याच घरात राहायचंय."

स्टॅनीनं बागेतलं एक केळं सोललं आणि विचारलं, "भावजी, ही तुझी सोसायटी सुरू कशी झाली?"

"आमची नाही, पण सगळ्यात पहिली लंडनला एका कॉफीच्या दुकानात. विमेवाले बसायचे, त्यांनी जहाजांना नंबर द्यायला सुरुवात केली."

"कॉफीच्या दुकानात!" स्टॅनीचे डोळे लकाकले. रेजिनानं ते डोळे स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितले आणि छातीवर क्रूस काढला.

दुसऱ्या दिवशी निर्मळच्या चहाच्या टपरीवर 'नंदाखाल रजिस्टर' स्थापन झालं. अध्यक्ष स्टॅनी, मुख्य सर्व्हेअर प्लासिड. गोखिवऱ्याच्या एका गाळ्यातून पितळी पाटी बनून आली, नांगर, केळीचं पान आणि खाली कोरलेलं 'अव्वल दर्जा'.

"मी खोट्या कागदावर सही करणार नाही," प्लासिड म्हणाला.

"संस्था खोटी. हातोडी खरी ना? पास असेल तर पास, नापास असेल तर नापास. तुझ्या कामात मी बोट घालणार नाही."

प्लासिडनं पाटीवर बोटानं टकटक करून बघितलं. मग म्हणाला, "चहा माझ्यातर्फे."

स्टॅनी सूट घालून उत्तनला गेला. पाटी मखमलीच्या कापडात.

"हिलरीशेठ, मोठ्या जहाजांना क्लास असतो. आपल्या किनाऱ्यावर एकाही बोटीला नाही. आम्ही पहिली पाटी तुम्हाला द्यायची म्हणतोय. पण तपासणी झाल्याशिवाय पाटी ठोकता येत नाही, नियम आहे."

हिलरी पाटी बघत होता, पण मान डोलावेना. "माझ्या बोटीला तपासनी कशाला? दर वर्षी फादर येऊन पवित्र पानी शिंपडतात."

"फादर वरून शिंपडतात. भावजी खालून बघतात. दोन्हीकडून पक्कं!"

हिलरीनं पाटीवरून अंगठा फिरवला. शेजारच्या बोटवाल्याच्या डोळ्यासमोर ती कशी चमकेल हे त्याला दिसलं असावं. "बघू दे खालून," तो म्हणाला.

ओहोटीला 'सागरमाता' रेतीवर कलंडली तेव्हा अर्धं उत्तन जमलं होतं. प्लासिडनं बाह्या वर केल्या आणि मागून पुढे वाजवत निघाला. टण. टण. टण. हिलरी प्रत्येक टणला लोकांकडे बघून मिशी पिळत होता. उजव्या बाजूला काळ्या फळीवर हातोडी पडली.

भद.

प्लासिडनं पेचकस टेकवला. लोण्यात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला.

हिलरीचा चेहरा उकडलेल्या चिंबोरीसारखा लाल झाला. "गावासमोर मालकाची अब्रू काढता? ह्या घरात पोरगी द्यायचीय ना तुमाला?"

प्लासिड पांढराफटक पडला, पण पेचकस त्यानं बाहेर काढला नाही. "द्यायचीय," तो म्हणाला. "म्हणूनच."

स्टॅनीला वाटलं, संपलं. मग त्यानं खिशातून कोरा कागद काढला आणि वाचायला लागला. "हिलरीशेठ, अभिनंदन! एकच शेरा! मोठमोठ्या जहाजांना वीस-वीस शेरे मिळतात. मुदतीत काम केलं की क्लास कायम. बरोबर ना, मुख्य सर्व्हेअर?"

"बरोबर," प्लासिड म्हणाला, आणि हे अगदी खरं होतं.

"एकच?" हिलरीनं शेजारच्या बोटवाल्याकडे बघितलं. "ह्याची वाजवली तर?"

"त्याची आम्ही घाबरून वाजवणारच नाही."

शेजारी सोडून सगळे हसले. चार दिवसांत सागाची नवी फळी बसली, लाइफ जॅकेटं आली. राहिली साठ माणसं.

"चार टन बोंबील आनतो मी," हिलरी म्हणाला. "मानूस काय बोंबलापेक्षा जड?"

"बोंबील खाली गप पडून असतो, व्याही," प्लासिड म्हणाला. "माणसं वर उभी राहतात. आणि बोंबील सेल्फी काढायला एका बाजूला पळत नाही."

हिलरी विचारात पडला. त्यानं वऱ्हाडं बघितली होती.

मग प्लासिडनं बोटीवर पाण्यानं भरलेले पंधरा ड्रम ठेवले, चाळीस माणसांचं वजन. पाणी जिथपर्यंत आलं तिथं दोन्ही बाजूंना पांढरा गोल काढला, त्याच्या मधून आडवी रेघ, गोलाच्या एका अंगाला 'नं', दुसऱ्या अंगाला 'र'. "रेघ बुडाली की माणूस उतरवायचा. कोणीही असो." हिलरीला ती रेघ पाटीपेक्षा जास्त आवडली. रोज सकाळी फडक्यानं पुसायचा म्हणे.

लग्न झालं. वऱ्हाड पाचूबंदरला आलं. वीस जण आधीच बसनं गेले होते, चाळीस मोजून बोटीसाठी ठेवले होते. हिशेब चोख होता. फक्त प्लासिड एक गोष्ट विसरला, आणि नंदाखालचा माणूसच ती विसरू शकतो, कारण त्याला ते सामान वाटतच नाही. नंदाखालचा कोणी पाहुणा मोकळ्या हातानं दुसऱ्या गावी जात नाही. प्रत्येक घरानं केळीचा एकेक लोंगर, म्हणजे अख्खा घड, आणला होता. पंचवीस-पंचवीस किलोचे पंधरा लोंगर.

हिलरी बोटीच्या काठावरून वाकून रेघेवर डोळा लावून बसलेला. तेहतीस माणसं चढली. चौतिसावी, नव्या साडीत एलिसा. मागून स्टॅनीनं पाय टाकला, आणि पाणी रेघेच्या वर सरकलं.

"थांबा! रेघ बुडाली! अध्यक्षसाहेब, उतरा."

"मी? अहो, मी मामा! केळी उतरवा ना!"

"केळी मानाची हायेत. आनि केळी एका बाजूला पलत नायत. गप बसतात. तुमी बसाल?"

सगळी बोट खदाखदा हसली. एलिसा तर हसून हसून प्लासिडच्या खांद्यावर पडली. "मामा, नियम आहे!"

स्टॅनी उतरला. मागे राहिलेली पाच माणसं बँडवाल्यांची, त्यांना हिलरीनं चढूच दिलं नाही. ढोल बघून त्यानं नुसतं बोट हलवलं.

बोट निघाली. खाडीच्या तोंडाशी गेली असेल, तेवढ्यात रेतीचा मोठा बार्ज शेजारून गेला आणि कोणीतरी ओरडलं, "एलिसा, इकडे बघ, फोटो!" सगळं वऱ्हाड उजवीकडे धावलं. लाट आली. 'सागरमाता' कलली. स्टॅनीला धक्क्यावरून दिसलं, पांढरा गोल पाण्याखाली गेला. अख्खा गेला. त्याच्या हातातला रुमाल खाली पडला. त्याला ती जुनी काळी फळी आठवली, साठ माणसं आठवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला एकही वात्रट गोष्ट सुचेना.

मग बोट सावकाश वर आली. गोल चमकला. लाउडस्पीकरवरून हिलरीचा आवाज खाडीभर घुमला, "बसा खाली! बोंबलाकडून शिका जरा!"

स्टॅनी मटकन ढोलावर बसला. वाजवणाऱ्यानं त्याला हाकलला. स्टॅनीनं प्लासिडला फोन लावला.

"भावजी! बघितलं मी! ठीक आहात ना?"

पलीकडून नुसता चपचप आवाज.

"तोंडात काय आहे तुझ्या?"

"केळं," प्लासिड म्हणाला. "तिसरं."

स्टॅनी असा हसला की बँडवाल्यांना वाटलं वाजवायची खूण झाली. त्यांनी मोकळ्या धक्क्यावर दणक्यात सुरू केलं आणि एकशे पाच किलोचा अध्यक्ष सुटाबुटात नाचत बँडच्या टेम्पोत चढला. वर्सोव्याच्या पुलावर तीन तास धूर खाल्ला त्यांनी. पुलावर अडकलेल्या गाड्यांनी मात्र फुकटात वरात बघितली.