माझी शिट्टी चढत गेली तेव्हा

कागद उडू नयेत म्हणून पियानोवर जो गोगलगाईसारखा धातूचा गोळा ठेवलाय ना, मित्रांनो, तो मी. पाहुण्यांना वाटतं, कुठल्याशा प्रदर्शनातून आणलेली शोभेची वस्तू असणार. गाणं शिकायला येणाऱ्या एका मुलीने तर माझ्या तोंडात पेन्सिली खोचून ठेवल्या होत्या. मी काही बोललो नाही. आता बोलतो. मी एका गाडीचा जुना टर्बो आहे. इंजिनाला जादा हवा पाजणारा आणि चढावर गाडीला दम पुरवणारा.

माझी रचना अगदी सोपी आहे. पोटात एक बारीक दांडा आणि त्याच्या दोन टोकांना दोन चाकं. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक चाक फिरवतो, आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची ताजी हवा ओढून इंजिनात कोंबतं. मिनिटाला लाखाहून जास्त गिरक्या. तुम्हाला चार गिरक्यांत घर फिरल्यासारखं वाटतं, म्हणून मुद्दाम आकडा सांगितला. एवढ्या वेगात माझा दांडा कशालाच टेकत नाही. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेल आलं तर मी आहे, तेल थांबलं तर मी संपलो. एवढं एकच वाक्य लक्षात राहिलं तरी माझं बोलणं वाया गेलं नाही असं मी समजेन.

कारखान्यात मला तोलून, फिरवून पाहिलं तेव्हा तपासणाऱ्या बाईंनी मान डोलावली होती. त्यांच्या शेजारणीने विचारलं, तर म्हणाल्या, आवाजच नाही ह्याला, गुणी आहे. माझं आयुष्यातलं पहिलं कौतुक झालं ते गप्प राहण्याबद्दल.

पहिले मालक औषधं विकणारे होते. मी त्यांना घाईवाले साहेब म्हणायचो. त्यांना नेहमी उशीर झालेला असायचा. दवाखान्याच्या दारापर्यंत गाडी पळवत न्यायची आणि ती थांबते न थांबते तोच किल्ली खिशात. इकडे मी लालबुंद तापलेला, गिरक्या अजून चालूच, आणि तेल मात्र जागच्या जागी बंद. मग ते माझ्या अंगातच जळायचं. दूध गॅसवर विसरलं की पातेल्याच्या तळाला काळी पापडी धरते, तशी माझ्या तेलाच्या नळीत रोज थोडी थोडी धरू लागली. तेल बदलायचं काम साहेब पुढच्या महिन्यावर टाकत. तीन वर्षं तो पुढचा महिना काही उजाडला नाही.

मग गाडी विकायला निघाली. तिला धुतलं, चकाकवलं, टायरसुद्धा काळेभोर केले. आतून कुणी पाहिलं नाही.

घ्यायला आल्या त्या गाण्याच्या बाई आणि त्यांची लेक. लेकीचा आवाज एवढा खणखणीत की घरात तिचं नावच पिपाणी पडलेलं. या दोघींनी गाडीत बसून अर्धा तास काय तपासलं असेल? स्पीकर! पुढचे, मागचे, डावे, उजवे. बाईंनी डोळे मिटून एक तान ऐकली आणि गाडी घेऊन टाकली.

बाईंच्या धाकट्या भावाचं गाड्यांचं गॅरेज होतं. पण त्याला विचारलंच नाही, कारण त्याने याआधी नऊ गाड्या नापास केल्या होत्या. दहावीला तो पास करेल याची खात्री कुणालाच नव्हती.

तिसऱ्या दिवशी मामा आला. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, बॉनेट उघडून वाकून पाहिलं, हात पुसले.

"ताई, घेतलीस ती घेतलीस. टर्बोची गाडी आहे, आणि आधीच्याने तेलाचे काय हाल केलेत कुणाला ठाऊक. पहिल्यांदा तेल बदलू, फिल्टर बदलू, नळी उघडून बघू. दोन दिवस माझ्याकडे सोड."

"तुला तर आमच्या फ्रिजचाही आवाज बिघडलेला वाटतो," बाई हसत म्हणाल्या. "हिची चाचणी होऊ दे, मग चार दिवस सोडते."

मामाचा चेहरा पडला. "बरं बाई. तज्ज्ञ तुम्ही." एवढं बोलून तो गेला, आणि रुसला तो रुसलाच. फोनवर हवापाण्याचं बोलायचा, गाडीचा विषय काढायचा नाही.

चाचणी म्हणजे पिपाणीची. दूरच्या एका गायनशाळेत वर्षातून एकदाच निवड व्हायची, आणि पंधरा पूर्ण झालेल्यांना घेत नसत. पिपाणीच्या हातात हे शेवटचं वर्ष होतं. तिने भिंतीवर तारखेभोवती एवढे गोल काढले होते की मधला आकडाच दिसेना.

रोज सकाळी शाळेच्या वाटेवर एक चढ लागायचा. तिथे माझी बारीकशी शिट्टी वाजे. दुसऱ्या कुणाला ती ऐकूही आली नसती. पिपाणीने मात्र पहिल्याच दिवशी ओळखलं, "आई, पांढरी एक!" घरी जाऊन तिने पियानोची ती पहिली पांढरी पट्टी दाबून पाहिली, आणि स्वर तंतोतंत निघाला. झालं, मायलेकींना खेळ मिळाला. रोज तोच चढ, तोच वेग, आणि शिट्टीचा स्वर ओळखायचा. पिपाणीने त्यासाठी एक वहीच घातली. तारीख, स्वर आणि शेरा.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मला ते फार आवडलं. जन्मभर गप्प राहण्यात गुण होता, आणि इथे दोन माणसं माझ्यासाठी काचा वर करून कान लावून बसत होती! त्यांनी मला गवई म्हणायला सुरुवात केली.

पण माझ्या नळीतली वाट बुजत चालली होती. तेल सुईएवढ्या बारीक धारेने येऊ लागलं. दांडा डगमगायला लागला. शिट्टी आणखी मोठी झाली आणि चढली. वहीत लिहिलं गेलं : काळी एक, आज गवई खुशीत. दोन आठवड्यांनी पांढरी दोन. मग काळी दोन, जरा चिरका, घसा बसला असावा. मागे निळसर धूर निघू लागला होता, पण मागे कोण बघतं? इंजिनाच्या कडेला पिवळ्या मुठीची एक सळई असते, ती उपसून पुसली की तेल किती उरलंय ते कळतं. त्या सळईला घरात कुणीही हात लावला नव्हता. मी ओरडत होतो, आणि त्या दाद देत होत्या. आणि मी मूर्ख, त्या दादेवर फुलत होतो.

चाचणीच्या सकाळी पिपाणी इस्त्रीचा निळा झगा सांभाळत पुढे बसली. घसा बसू नये म्हणून ती बोलतही नव्हती, हे त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. तीन तासांची वाट. पहिला तास बरा गेला. मग लांबलचक चढ आला. माझी शिट्टी चढली, आणखी चढली, पियानोवर जिला पट्टीच नाही अशा जागी गेली, आणि खाडकन दांडा तुटला. चाकं माझ्याच भिंतींवर आपटून फुटली. गाडीमागे धुराचा पडदा उभा राहिला. बाईंनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मग पिपाणीने मामाला फोन लावला.

मामा हातातलं काम टाकून, अंगात तेलकट कपडे तसेच, आपली गाडी घेऊन आला. रुसवाफुगवा कुठल्या कुठे गेला होता. त्याने दोघींना बसवलं आणि पळवलं. तरी ते पोचले तेव्हा शेवटची मुलगी गाऊन बाहेर पडत होती आणि दारावरची यादी काढून नेली होती. बाईंनी विनंती केली, मामाने दोनदा केली. आतल्या माणसांचंही चुकलं असं म्हणता येत नाही. वेळ सगळ्यांना सारखीच होती.

हे मला नंतर कळलं, गॅरेजात. मी टेबलावर दोन तुकड्यांत पडलो होतो. मामाने तेलाची नळी सोडवली, तीत तार घातली. तार अर्ध्यावर अडली. नळी टेबलावर ठोकल्यावर आतून काळा चुरा पडला. "आवाज कधीपासून येत होता?" त्याने विचारलं.

पिपाणीने दप्तरातून वही काढली आणि त्याच्यापुढे ठेवली.

मामा पानं उलटत राहिला. पांढरी एक. काळी एक. पांढरी दोन. काळी दोन. सगळ्या तारखा सुवाच्य अक्षरात. डॉक्टरलासुद्धा आजाराची एवढी नीट नोंद मिळत नसेल.

"एवढं सगळं ऐकलंस, पिपाणे," तो हळूच म्हणाला. "मला एकदा फोनवर ऐकवायचं होतंस गं." मग वही मिटून म्हणाला, "आणि मी तरी कुठे विचारलं?"

बाईंनी आपल्या रुमालाने मला पुसलं. काजळी निघेना, तरी पुसतच राहिल्या. परत जाताना त्यांनी मला सोबत मागून घेतलं.

आता गाडीत नवा टर्बो आहे. त्याच्याआधी मामाने इंजिनातला गाळ काढला, नळी नवी घातली, गाडीच्या पुस्तकात सांगितलंय तेच तेल भरलं. दर रविवारी पिपाणी ती पिवळ्या मुठीची सळई उपसून बघते. दूरवरून आल्यावर इंजिन लगेच बंद करत नाहीत, एक मिनिट संथ चालू देतात. तेवढ्यात मायलेकी एक ओळ गातात, मग किल्ली काढतात. गाणं छान असतं. ते ऐकायला परीक्षक नसतात, एवढंच.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाची वापरलेली गाडी आली तर आधी तिचं तेल बदलायला सांगा. आधीच्या मालकाने काय केलं ते गाडी सांगू शकत नाही. आणि एखादा आवाज दिवसेंदिवस चढत असेल, मग तो गाडीचा असो की घरातल्या माणसाचा, तर नुसता मोजू नका. काय होतंय ते विचारा.

पिपाणी कधीकधी रियाज थांबवून माझ्या उरलेल्या फुटक्या चाकाला बोटाने ढकलून पाहते. ते फिरत नाही. मग ती वहीचं पहिलं पान उघडते आणि पांढरी एक लावते. पहिल्या दिवशी तो माझा स्वर होता. तेव्हाच मला गॅरेजात नेलं असतं, तर अजून वेळ होता.