नऊ खिडक्यांमागचा जिना

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेले नाही, आणि त्यात तुमची काही चूक नाही. टीव्हीवरच्या एका खेळाच्या मागे उभा राहिलेला मी लाकडी जिना. वयाने जुना, स्वभावाने थोडा कुरकुऱ्या.

माझा जन्म एका विसरण्यातून झाला. ‘नऊ खिडक्या’ नावाचा खेळ सुरू व्हायचा होता. तीन मजली देखावा उभा राहिला, प्रत्येक मजल्यावर तीन खिडक्या. रंग सुकला, दिवे लागले, टाळ्याही झाल्या. तेव्हा खेळ चालवणारे मास्तर मान वर करून म्हणाले, “झकास! पण माणसं वर जाणार कशी?”

सुतारकाकांनी कानामागची पेन्सिल काढली आणि शांतपणे म्हणाले, “उडून. मला जिना करायला कोणी सांगितलंच नव्हतं.”

मग काय, एकच पळापळ! एका नाटकातले सिंहासन मोडून उरलेल्या फळ्या कोपऱ्यात पडल्या होत्या. काकांनी त्या उचलल्या आणि दिवस मावळायच्या आत मला उभे केले. मागे जागा बेताची होती, म्हणून माझ्या पायऱ्या नेहमीपेक्षा उंच झाल्या. चढताना प्रत्येकाला वाकून वरच्या पायरीला हात लावावा लागे. मोठमोठे नट, गायक, पदके मिळवलेले खेळाडू, सगळे देवाच्या दारात वाकावे तसे माझ्यापुढे वाकत. राजाच्या आसनाचे लाकूड मी, आणि नशिबी आले सगळ्यांचे पाय! पण खरे सांगतो, त्या पायांमुळेच मला किंमत आली.

खेळ सोपा होता. प्रत्येक खिडकीत एक नामवंत माणूस बसे. मास्तर त्याला प्रश्न विचारत. तो खरे उत्तर देई, नाहीतर चेहरा गंभीर ठेवून बेधडक थाप मारी. खाली उभा असलेला स्पर्धक ‘खरं’ किंवा ‘थाप’ असे ओरडे. त्याने बरोबर ओळखले की त्या खिडकीत त्याचा दिवा लागे. एका ओळीत तीन दिवे लागले की जिंकला!

वरच्या मजल्यावरच्या मधल्या खिडकीत एक विनोदी नटी बसत. त्यांना सगळे ‘आत्या’ म्हणत. एकदा मास्तरांनी विचारले, “आत्या, मधमाशीला डोळे किती?”

“पाच,” आत्या म्हणाल्या. “दोन रस्ता बघायला, दोन फुलं बघायला, आणि एक शेजारीण किती मध नेतेय ते बघायला.”

“थाप!” स्पर्धक ओरडला. आणि फसला बिचारा, कारण मधमाशीला पाचच डोळे असतात! लोक हसून लोळायचे बाकी राहिले.

पण मित्रांनो, या हशाची तयारी कुठे होत असे, ते फक्त मला ठाऊक होते. मध्येच खेळ थांबला की ही नऊ माणसे माझ्या पायऱ्यांवर येऊन बसत. चहा येई. कोणी बूट काढून पाय चोळी, कोणी दुसऱ्याची नक्कल करी. भांडणे माझ्यावरच होत आणि मिटतही माझ्यावरच. पुन्हा खिडकीत जाताना त्यांच्या ओठांवर अर्धे हसू तयार असे. बाकीचे अर्धे प्रेक्षक घालत.

चांगले चालले होते, पण टीव्हीवर रोज नवे काहीतरी येते. मास्तर थकले, खेळ बंद झाला आणि माझी रवानगी गोदामात झाली. तिथे मखमली पडद्यांच्या ढिगाखाली मी पडून राहिलो.

काही वर्षांनी खेळ पुन्हा सुरू झाल्याचे कानावर आले. या वेळी लोखंडी जिना होता, फिरते दिवे होते, धूर होता, बक्षिसे डोळे दिपवणारी होती. जो तो आपल्या गाडीतून थेट खिडकीत आणि खिडकीतून थेट गाडीत. खेळ लवकरच गुंडाळला गेला. लोखंडी जिनाही विकला गेला. मला आनंद झाला म्हणाल तर नाही झाला. जिन्याचे दुःख जिन्यालाच कळते.

असो, फार लांबलो. आता मूळ पदावर येतो.

खेळ तिसऱ्यांदा सुरू करायचे ठरले. नवी दिग्दर्शिका तरुण, हुशार आणि मनाची चांगली होती. तिने मजलेच काढून टाकले. खाली एका रांगेत नऊ छोट्या बंद खोल्या केल्या. प्रत्येकात एक खुर्ची, एक कॅमेरा, कानाला यंत्र. नऊ चेहरे संगणक जोडणार आणि पडद्यावर नऊ खिडक्या दिसणार. गोदाम रिकामे करायला सांगितले गेले, आणि मला अंगावरच्या पडद्यासकट ओढत आणून त्या खोल्यांमागच्या अरुंद बोळात टेकवले. भंगारवाल्याचा टेम्पो दाराशी आलाच होता.

त्या दिवशी तालीम होती. संध्याकाळी वाहिनीचे साहेब पहिला भाग बघणार होते. त्यांना आवडला तरच पुढचे भाग होणार होते. तालीम संपली, एका खोलीचे दार उघडले आणि बाहेर कोण आले? आमच्या आत्या! केस पांढरे झालेले, गुडघ्याला पट्टा, पण चाल तशीच ठसक्याची. यजमान गेल्यापासून त्यांना कोणी काम दिले नव्हते. या खेळावर त्यांची सगळी आशा होती. आणि आज त्यांच्या एकाही उत्तराला कोणी हसले नव्हते.

दिग्दर्शिका मागून आली. “आत्या, राग मानू नका. तुम्ही आज दमलेल्या वाटता. संध्याकाळी तुमच्या जागी दुसऱ्या कोणाला बसवू का? तुम्ही शेवटी पाहुण्या म्हणून या. नुसता हात हलवा.”

“हात हलवायला एवढ्या लांबून बोलावलंस होय गं? तो मी घरीसुद्धा हलवते, माशा हाकलायला.” मग आत्यांचा आवाज उतरला. “एक फेरी दे मला, बाळ. नाही जमलं तर मीच जाईन, तुला सांगायला लागायचं नाही.”

“बरं. चहानंतर एकच फेरी,” दिग्दर्शिका म्हणाली आणि निघून गेली.

आत्यांनी बसायला जागा शोधली. बोळात खुर्ची नव्हती. त्यांनी माझ्यावरचा पडदा बाजूला केला आणि माझ्या तिसऱ्या पायरीवर हात ठेवला. “अरे, तू आहेस होय अजून!” एवढेच म्हणाल्या आणि हुश्श करून बसल्या.

मित्रांनो, मला त्या वेळी कुरकुरायचेही सुचले नाही.

तेवढ्यात शेजारच्या खोलीत बसणारा पहिलवान आला. त्याच्या हातात दोन कप होते. “आत्या, चहा. तालमीत जरा गडबड झाली ना आज?”

“गडबड कसली, समोर भिंत! भिंतीला थाप मारून कोणी हसतं का? बस ना.”

“मी? मोडेल हो हा.”

“मोडला तर मोडला. तसाही भंगारात निघालाय. सरकते मी.”

पहिलवान बसला. देवाला आठवून मी सगळे खिळे घट्ट धरले. मग गायिका आली, हवामान सांगणाऱ्या ताई आल्या आणि एकेक करत नऊही जण जमले.

“आज मान अशी दुखतेय, वाटतं पाऊस येणार,” आत्या म्हणाल्या.

“आमचा अंदाज तर कोरड्या हवेचा आहे,” ताई म्हणाल्या.

“म्हणजे छत्री घ्यायलाच हवी!” पहिलवान म्हणाला. ताईंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि स्वतःचाच हात झटकत बसल्या.

टेम्पोवाला आत डोकावला. “चला, उठा. माल भरायचाय.”

“आम्हा नऊ जणांना मालातच धर रे,” आत्या म्हणाल्या. “जुन्यात मी जाते, वजनात हा पहिलवान. भाव चांगला येईल तुला.”

असा हशा उठला की माझी पायरी न् पायरी थरथरली. टेम्पोवालासुद्धा दाराला टेकून हसू लागला. दिग्दर्शिका धावत आली. आधी रागावलेली होती, मग नुसतीच बघत राहिली.

“हे आत का नाही होत?” तिने विचारले.

“आत आम्ही एकमेकांना दिसतच नाही ना, मॅडम,” गायिका म्हणाली.

दिग्दर्शिकेने खोल्यांकडे पाहिले, मग घड्याळाकडे. “मधल्या सगळ्या भिंती काढा!” ती ओरडली. “लवकर!”

पुठ्ठ्याच्याच भिंती त्या, भराभर निघाल्या. नऊ खुर्च्या एका रांगेत आल्या. आत्यांची फेरी सुरू झाली. मी बोळात कान देऊन उभा होतो.

“जिराफाच्या मानेत मणके किती?” नव्या सूत्रधाराने विचारले.

“सात,” आत्यांचा आवाज आला. “माझ्याही मानेत सातच आहेत. फरक एवढाच, की त्याची मान दुखली तर त्याला कोणी पाहुणा करून हात हलवायला सांगत नाही.”

“थाप!” स्पर्धक म्हणाला. अहो, जिराफाच्या मानेतही सातच मणके असतात! सगळ्यांत मोठ्याने दिग्दर्शिका हसली. संध्याकाळी साहेब आले, त्यांनी डोळे पुसत ‘पुढचे भाग करा’ म्हटले, आणि आत्यांची खुर्ची पक्की झाली. आत्यांनी दिग्दर्शिकेला लगेच हुकूम सोडला, “आता त्या टेम्पोला रिकामा पाठव.”

तेव्हापासून मी या बोळातच आहे. माझ्या वरच्या पायरीपुढे सरळ भिंत आहे. मी कोणालाही कुठेही नेत नाही. पण खेळ थांबला की नऊ माणसे माझ्याकडे येतात, आणि तिसऱ्या पायरीवर कोणी बसत नाही. ती आत्यांची.

मित्रांनो, एवढेच मागतो. तुमच्या शाळेत, इमारतीत, दुकानाच्या दारात एखादी पायरी असेल. तिच्यावर कोणी एकटे बसलेले दिसले, तर त्याला ओलांडून जाऊ नका. म्हणा, “सरका जरा,” आणि शेजारी बसा. वजनाची काळजी करू नका, तेवढे आम्ही पेलतो. फक्त चहा सांडला तर लगेच पुसा बरे. लाकडाला चहा सोसत नाही.